पंडिता रमाबाई व मुक्तीचे बार्तिमी सदन

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांस परिचित आहे. तथापि त्यांच्या चरित्राचा एक भाग फार थोडक्यांस ठाऊक असतो. पुण्यास कोरेगाव पार्क येथे मुलांची व कोथरूड येथे मुलींची अंधशाळा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तेथील लेकरे आपापल्या गावी परततात, म्हणून तो भाग आज सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे महाविद्वान होते. पण कन्या शिकण्याजोगी झाली तोवर ते वृद्ध झाले. म्हणून माता लक्ष्मीबाई तिला पहाटे उठवून संस्कृत पाठ देत, आणि हजारो श्लोक केवळ कानांच्या द्वारे तिच्या मुखी बसले. १८७४ साली दुष्काळात हे कुटुंब अन्नावाचून भटकत असता अनंतशास्त्री पूर्ण अंध झाले होते. मरणापूर्वी त्यांनी कन्येला उराशी धरून अखेरचा उपदेश केला; तिचे मुख त्यांस दिसले नाही. ही गोष्ट रमाबाईंनी जन्मभर हृदयात जतन केली.

पुढे वैधव्य आले, विलायतेचा प्रवास झाला, १८८३ साली बाप्तिस्मा झाला. ऐकू येणेही पुढे पुष्कळ मंदावले. मुंबईस १८८९ साली उघडलेले शारदा सदन त्यांनी १८९० साली पुण्यास आणले. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो अनाथ मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. त्या काळी देवीच्या रोगाने व उपासमारीने पुष्कळ लेकरांची दृष्टी जाई. मुक्तीतही अंध मुली होत्या. त्यांच्याकरिता शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून बार्तिमी सदन झाले.

रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली व त्या मुलींस शिकविली. ही लिपी सहा टिंबांची. जाड कागद चौकटीत धरून टोकदार सळईने उजवीकडून डावीकडे टिंबे टोचावी, मग कागद उलटून उठलेली टिंबे बोटाने डावीकडून उजवीकडे वाचावी. वाचनाबरोबर हातकामही असे. केवळ कीव करून अन्न घालणे रमाबाईंस मान्य नव्हते.

आपल्या घरी मात्र बहुधा उलट घडते. शाळेत स्वतः कपडे धुणारा मुलगा मे महिन्यात गावी आला की आजी त्याला ओट्यावर बसविते, ताटही हाती देते. प्रीतीनेच देते खरी. पण दोन महिन्यांत बोटे वाचन विसरू लागतात. त्याची चौकट, सळई व जाड कागद बरोबर आले की नाही हे आधी पाहावे. त्याला धान्य निवडू द्यावे. विहिरीपर्यंतची वाट एकदा हात धरून दाखवावी आणि मग काठीने चालू द्यावे. घरातील सामानाची जागा त्याला न सांगता बदलू नये. कॅटेकिस्ट बंधूंनी त्याला उपासनेत पाठ म्हणावयास उभे करावे. रमाबाईंची विद्याही अशीच मुखोद्गत होती.

मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजी वारल्या. रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर सिद्ध केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्या प्रभूमध्ये निजल्या.