लेखणीचे व्रत जपणारे महिपती

श्रीरामपूर हे रेल्वेस्थानक आणि साखर कारखानदारी यांच्या आधाराने वाढलेले तुलनेने नवे शहर. परंतु ज्या परिसरात ते वसले, त्याची वाङ्मयीन परंपरा कित्येक शतकांची आहे. पूर्वेला प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तर शेजारच्या राहुरी तालुक्यातील ताहराबादने मराठीला तिचे थोर संतचरित्रकार दिले. ते म्हणजे महिपती.

महिपतींचा जन्म १७१५चा. वडील दादोपंत हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. घराण्याकडे ताहराबादचे कुलकर्णीपण असल्याने हिशेब, दप्तर आणि लेखणी हा चरितार्थाचाच भाग होता. वडिलांमागे तेच काम महिपतींकडे आले आणि त्याबरोबर पंढरीची ओढही.

या दोन निष्ठांचा सामना एके दिवशी घडला, असे परंपरा सांगते. महिपती देवपूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपून येतो, हे उत्तर त्याला मानवले नाही व त्याने दुरुत्तरे केली. महिपतींनी पूजा यथासांग पुरी केली, कचेरीत जाऊन कामही चोख बजावले. घरी परतल्यावर मात्र कानावरची लेखणी त्यांनी विठ्ठलाच्या चरणी ठेवली. यापुढे ही लेखणी संतांच्या चरित्रांखेरीज अन्य कशासाठीही चालणार नाही, असा संकल्प त्यांनी सोडला. ज्या कसबावर घर चालत होते, त्यावरच त्यांनी पाणी सोडले होते.

त्यांच्या जन्मापूर्वी सुमारे ६५ वर्षे आधी वैकुंठवासी झालेल्या तुकोबांना ते गुरू मानत. तुकोबांनी स्वप्नात येऊन संतचरित्रे लिहिण्याची आज्ञा केली, अशी त्यांची श्रद्धा होती. पानिपतानंतर दुसऱ्याच वर्षी, १७६२मध्ये, ‘भक्तविजय’ हा ५७ अध्यायांचा ग्रंथ पूर्ण झाला. पुढे १७७४मध्ये ५१ अध्यायांचा ‘भक्तलीलामृत’ सिद्ध झाला. त्यातील तब्बल १६ अध्याय एकट्या तुकोबांच्या चरित्राला वाहिलेले आहेत.

महिपतींची लेखनपद्धतीही त्यांच्या स्वभावाशी सुसंगत होती. उत्तरेतील नाभाजींचा ‘भक्तमाल’ आणि माणदेशातील उद्धवचिद्घन यांची रचना हे आपले आधार असल्याचे त्यांनी ‘भक्तविजया’च्या आरंभीच नमूद केले आणि पदरचे काही घातल्याचा दोष आपल्याला देऊ नये, अशी विनंती श्रोत्यांना केली. कवीने स्वतःचे श्रेय असे कमी करून सांगणे विरळाच. वाचता न येणाऱ्या श्रोत्यालाही कळावी अशी सोपी ओवी त्यांनी योजली. तिच्यात संसारातले दाखले आले. कबीर, रोहिदास, मीराबाई, नरसी मेहता यांच्या शेजारी गोरा कुंभार, चोखामेळा, जनाबाई, सेना न्हावी आणि कान्होपात्रा आले. जात, प्रांत, भाषा यांच्या भिंती त्यांच्या ग्रंथात आपोआप गळून पडल्या.

इतिहास म्हणून पाहता या चरित्रांना मर्यादा आहेत. कालक्रम अनेक ठिकाणी जुळत नाही आणि चमत्कारांची रेलचेल आहे. तथापि त्यांनी लोकस्मृतीतील कथा वेळीच गोळा केल्या नसत्या, तर संतांविषयीच्या कितीतरी आठवणी विस्मृतीत गेल्या असत्या. म्हणूनच चिकित्सक अभ्यासकालाही आरंभ महिपतींपासूनच करावा लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचे ग्रंथ इंग्रजीत नेले, ते याच कारणाने.

आयुष्याच्या अखेरीस हाती घेतलेला ‘संतविजय’ मात्र अपुरा राहिला. १७९०मध्ये, वयाच्या ७५व्या वर्षी महिपतींनी देह ठेवला. देवाच्या पायी ठेवलेली लेखणी त्यांनी पुन्हा चाकरीसाठी उचलली नाही. कीर्तनकाराच्या मुखातून आजही जे संत महाराष्ट्राला भेटतात, त्यांच्या कथांवर या व्रतस्थ लेखणीचाच ठसा आहे.