कॅमेरा कुठे ठेवायचा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

गॅदरिंगसाठी आम्ही पाच मिनिटांची ऐतिहासिक फिल्म करायला घेतली. शूटिंग माझ्या गावाकडे, कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्यावर. सगळं नीट दिसावं म्हणून मी मोबाइल घेऊन तटावर चढले. रूमवर येऊन बघतो तर काय, आमचे राजे जत्रेत हरवलेल्या पोरासारखे दिसत होते आणि कॅमेऱ्याजवळचा शिपाई चांगला धिप्पाड! सगळे हसले. राजा झालेला मित्र मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्यानं मनापासून काम केलं होतं, ते मी वाया घालवलं होतं. कॅमेरा वरून बघतो तेव्हा माणूस लहान होतो, खालून बघतो तेव्हा मोठा, एवढं साधं मला कळलं नव्हतं.

मग वाचायला लागले आणि बाबूराव पेंटर भेटले. खरं आडनाव मेस्त्री. जन्म कोल्हापूरचा, 1890 चा. घरात सुतारकाम, कोरीवकाम. शाळा बेताचीच, पण हातात कला. भाऊ आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवायचे. 1913 मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांनी ठरवलं, आपणही सिनेमा काढायचा. पण कॅमेरा कुठून आणणार? स्वतःच बनवायचा! काम अर्धवट असताना 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. दामल्यांना हाताशी धरून त्यांनी तो कॅमेरा पूर्ण केला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली.

1920 मध्ये 'सैरंध्री' पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. 1923 मध्ये ऐतिहासिक 'सिंहगड' आला. रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. शूटिंगच्या आधी ते सेट आणि पोशाखांची चित्रं स्वतः काढत. सपाट रंगीत पडद्यांऐवजी खरे उभे सेट बांधत. मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. सपाट पडद्यापुढे सगळी पात्रं एका ओळीत उभी राहणार. पायऱ्या, खांब, खोली मिळाली की कोण वर, कोण खाली, कोण पुढे, कोण मागे हे ठरवता येतं. मूकपटात संवाद नसतो, म्हणून कोणाचा मान किती हे डोळ्यांनीच कळायला हवं.

1925 मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. तिथे राजा नाही, कर्जात बुडालेला शेतकरी आहे. भूमिका केली शांतारामांनी. 1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. हाताखाली तयार झालेली माणसं एकदम जाणं किती लागलं असेल! बाबूराव 1954 मध्ये गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायलाही मिळत नाहीत.

आपल्याकडे वर्कशॉप आहे, लेथ आहे, खिशात कॅमेरा आहे. त्यांच्याकडे यातलं काही आयतं नव्हतं. पण कोणाला कुठे उभं करायचं, याचा विचार होता.

पुढच्या रविवारी आम्ही परत अंतूरला गेलो. या वेळी राजा वरच्या पायरीवर आणि मी खाली, मातीत आडवी. ड्रेस खराब झाला. पण क्लिप बघून राजेसाहेब हसले, आणि बोलायलाही लागले!