मिलग्रमची तीस बटणं

१९६१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एक यंत्र ठेवलं होतं. ओळीने ३० स्विच, पहिला १५ व्होल्टचा आणि शेवटचा ४५० व्होल्टचा. पलीकडे खुर्चीला बांधलेल्या माणसाला मात्र त्यातून एकही शॉक बसत नव्हता! हे डोकं स्टॅन्ली मिलग्रमचं.

मिलग्रमचा जन्म १५ ऑगस्ट १९३३ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. आई-वडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू, वडील बेकरीवाले. डिग्री पॉलिटिकल सायन्सची. हार्वर्डने त्याचा पीएचडीचा अर्ज आधी नाकारला, कारण सायकॉलॉजीचा एकही पेपर दिलेला नव्हता. पठ्ठ्याने एका उन्हाळ्यात ते कोर्स केले आणि प्रवेश मिळवलाच.

त्याला एकच प्रश्न छळत होता. हिटलरच्या छावण्यांत लाखो ज्यू मारले गेले. ती कामं करणारी सगळी माणसं राक्षस थोडीच होती? मग फक्त हुकूम आला म्हणून माणूस कुठपर्यंत जातो?

त्याने पेपरात जाहिरात दिली. स्मरणशक्तीचा प्रयोग आहे, ४ डॉलर आणि वर ५० सेंट गाडीभाडं. आलेल्या माणसाने 'शिक्षक' व्हायचं. पलीकडच्या खोलीतल्या 'विद्यार्थ्या'चं उत्तर चुकलं की शॉक द्यायचा, दर वेळी १५ व्होल्ट वाढवून. विद्यार्थी आधीच शिकवून ठेवलेला. ३०० व्होल्टला तो भिंतीवर हात आपटायचा, नंतर एकदम शांत. शिक्षक कचरला की कोट घातलेला प्रयोगवाला थंडपणे पुढे चालू ठेवायला सांगायचा. धमकी नाही, मारहाण नाही.

मानसोपचारतज्ज्ञांचा अंदाज होता, शेवटपर्यंत हजारात एखादाच जाईल. प्रत्यक्षात ४० पैकी २६ जण गेले. त्यांना मजा येत होती असं नाही. घाम फुटत होता, हात थरथरत होते, पण बोट स्विचवरच होतं.

यावर मिलग्रमला शिव्याही खूप बसल्या. लोकांना फसवून एवढा ताण देणं बरोबर का, हा आक्षेप रास्तच होता. काहींना शॉक खोटा असल्याचा संशय आला होता, हेही पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. हार्वर्डने त्याला कायम केलं नाही. १९६७ साली तो न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत गेला आणि २० डिसेंबर १९८४ रोजी, ५१ व्या वर्षी, हार्ट ॲटॅकने वारला.

पण त्याचा आणखी एक प्रयोग हॉस्टेलवाल्यांनी तरी विसरू नये. शिक्षकाशेजारी आणखी दोन 'शिक्षक' बसवले, तेही शिकवून ठेवलेले. मध्येच त्या दोघांनी एकापाठोपाठ एक नकार दिला. यावेळी शेवटपर्यंत गेले ४० पैकी फक्त ४.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तरी मध्यरात्री फर्स्ट इयरच्या पोराला उठवून आणायला सांगितलं की कोणीतरी मुकाट्याने आणतो, आणि बाकीचे चौघं दाराशी उभे राहून बघतात. ते काही वाईट नसतात. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो, एवढंच. मित्रांनो, अशा वेळी सीनियरशी भांडायची गरज नाही. आपण हे करणार नाही एवढं मोठ्याने सांगून खोलीबाहेर पडा. मागून दुसरा यायची शक्यता बरीच आहे.