वायुदाबाच्या अचूक मोजमापाच्या आग्रही अ‍ॅना मणी

देशातील वेधशाळांना तापमान व वायुदाब मोजणारी विश्वासार्ह भारतीय उपकरणे मिळाली, त्यात भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. आठव्या वाढदिवशी घरच्या रिवाजानुसार मिळणारी हिऱ्यांची कर्णभूषणे नाकारून त्यांनी विश्वकोशाचे खंड मागून घेतले होते. हिऱ्यांशी त्यांची खरी गाठ पडली ती पुढे बंगळुरूमध्ये.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून पदवी घेऊन १९४० मध्ये त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे व माणके यांच्या वर्णपटांवर १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले. तथापि एम.एस्सी.ची पदवी नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. पाच स्वतंत्र शोधनिबंधांपुढे हा नियम फारच तोकडा वाटतो.

१९४५ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. भौतिकशास्त्राच्या संशोधनाची इच्छा होती, पण शिष्यवृत्ती उपलब्ध होती ती हवामान उपकरणांसाठी. १९४८ मध्ये परतल्यावर त्या पुण्यात हवामानशास्त्र विभागाच्या उपकरण शाखेत रुजू झाल्या. पुणेकर ज्या वेधशाळेला सिमला ऑफिस म्हणून ओळखतात, तोच हा विभाग. त्या वेळी साधे तापमापकही परदेशातून येत.

दाब मोजणे वाटते तितके सरळ नाही, कारण प्रत्येक पायरीवर तापमान आड येते. उष्णतेने पारा प्रसरण पावतो. त्यामुळे ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीतील पाऱ्याचा वायुदाबमापक सुमारे साडेचार हेक्टोपास्कल अधिक दाब दाखवतो. ही वाढ वजा करावी लागते. दुसरी अडचण उंचीची. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच असल्याने तेथील दाब ९१० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. किनाऱ्यावरील नोंदींशी त्याची तुलना करायची तर शहराच्या पायाखाली कल्पिलेल्या हवेच्या स्तंभाचे वजन त्यात मिळवावे लागते. उबदार हवा विरळ, थंड हवा दाट. म्हणून या स्तंभाच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडला, तर उत्तर साडेतीन हेक्टोपास्कलने बदलते. हवामानाच्या नकाशावर समदाबरेषा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या अंतराने काढतात आणि अशा दोन बंद रेषा दिसल्या की समुद्रावरील कमी दाबाच्या क्षेत्राला न्यूनदाबाचा पट्टा न म्हणता अवदाब म्हणतात. म्हणजे चुकीच्या उपकरणामुळे नसलेले वादळ नकाशावर उमटू शकते, किंवा असलेले दिसतही नाही आणि मच्छीमार समुद्रात जातात. चुकीच्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, या मताच्या मणी होत्या.

१९५३ मध्ये त्या शाखेच्या प्रमुख झाल्या. हाताखालचे १२१ कर्मचारी सर्व पुरुष होते. सुमारे १०० उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रे त्यांनी तयार करवून घेतली आणि उत्पादन देशात सुरू झाले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे त्यांनी उभारले. पुढे ओझोन मोजणारे भारतीय उपकरणही त्यांच्या देखरेखीखाली घडले. थुंबा येथील अग्निबाण केंद्रावर हवामान वेधशाळा उभारण्याचे कामही त्यांनी पार पाडले.

१९७६ मध्ये उपमहासंचालकपदावरून निवृत्त होऊन त्या पुन्हा बंगळुरूला आल्या. रामन संशोधन संस्थेत तीन वर्षे काम केल्यानंतर त्यांनी वाऱ्याचा वेग व सौर ऊर्जा मोजणारी उपकरणे बनवण्याचा छोटा कारखाना शहरालगत काढला. देशभरातील ७०० हून अधिक ठिकाणच्या वाऱ्याच्या नोंदी त्यांनी गोळा करवल्या. पवनचक्क्या कोठे उभाराव्यात हे ठरवण्यास त्यांचा उपयोग झाला. त्यांनी विवाह केला नाही. १९९४ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा डॉक्टरेटसाठीचा प्रबंध बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जतन करण्यात आला.