शेव्हालिअर जॅक्सन : चिमट्यापासून कायद्यापर्यंत

फिलाडेल्फिया येथील म्यूटर वैद्यकीय संग्रहालयात खणाखणांचे एक कपाट आहे. त्यातील २,३७४ वस्तूंना बाजारात फारशी किंमत येणार नाही. सेफ्टी पिना, नाणी, गुंड्या, खिळे, हाडांचे तुकडे, कवळ्या, खेळण्यातली इवलीशी दुर्बीण, एक लहानसे कुलूप, शाळेत नियमित हजेरी लावल्याबद्दल मिळालेला बिल्लासुद्धा त्यांत आहे. ह्या सर्व वस्तू कधी ना कधी कोणाच्या तरी अन्ननलिकेत वा श्वासमार्गात अडकल्या होत्या. डॉ. शेव्हालिअर जॅक्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या बाहेर काढल्या, आणि जॅक्सन ह्यांनी प्रत्येकीची नोंद ठेवून त्या जपल्या.

जॅक्सन ह्यांचा गौरव बहुधा ह्या कपाटावरून होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्राचे खरे मोल दुसरीकडे आहे. आपल्या कलेत ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, अशा ह्या शल्यविशारदाने त्याच कलेची मर्यादा ओळखली आणि रोग्यांचा ओघ उगमापाशीच थांबावा म्हणून कायदेमंडळाचे दार ठोठावले. नैपुण्य आणि सामाजिक जबाबदारी ह्यांची अशी सांगड विरळा.

जॅक्सन ह्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. बालपण कोळशाच्या खाणींच्या परिसरात गेले. शरीराने किरकोळ आणि स्वभावाने एकलकोंड्या ह्या मुलाचा शाळेतील दांडग्या मुलांनी अनन्वित छळ केला. दुबळ्याच्या वेदनेविषयीची त्यांची आयुष्यभराची कणव बहुधा तेथेच रुजली असावी. सुतारकाम आणि चित्रकला ह्यांची त्यांना उपजत आवड होती. घरची स्थिती बेताची असल्यामुळे काचेवर व चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाल्यावर ते लंडनला गेले आणि घशाच्या विकारांचे नामांकित तज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी ह्यांचे काम त्यांनी पाहिले. अन्ननलिकेत प्रत्यक्ष डोकावता आले पाहिजे, हा ध्यास त्यांनी तेथून आणला.

त्या काळी ह्या ध्यासाचे महत्त्व किती होते, हे आज सहज ध्यानात येणार नाही. गिळलेली वस्तू बहुतेक वेळा आपोआप शरीराबाहेर पडते. पण टोकदार वस्तू रुतून बसली आणि अन्ननलिकेला भोक पडले, तर जंतुसंसर्ग थेट छातीच्या पोकळीत उतरतो. प्रतिजैविके नव्हती. छाती उघडणे म्हणजे जवळजवळ मृत्यूला आमंत्रण. वैद्यांच्या हाती उरे तो एकच मार्ग : घशातून आंधळेपणाने आकडा किंवा चिमटा घालायचा आणि लागेल ते ओढायचे, नाहीतर वस्तू खाली ढकलून द्यायची. त्यात वस्तूपेक्षा उपायानेच अधिक इजा होई.

१८९० मध्ये जॅक्सन ह्यांनी अन्ननलिकेत पाहण्याची एक नळी तयार केली आणि तिच्या साहाय्याने कवळी व नाणे बाहेर काढले. परंतु अननुभवी हातांत हे उपकरण घातक ठरते असे दिसताच त्यांनी त्याचा प्रसार थांबवला. पुढे १८९७ मध्ये जर्मनीत गुस्ताव किलियान ह्यांनी श्वासनलिकेच्या शाखेतून हाडाचा तुकडा काढून दाखवला आणि ह्या क्षेत्राला गती आली. जॅक्सन ह्यांनी नळीच्या आतल्या टोकाशी बारीकसा विजेचा दिवा बसवला. जेथे काम करायचे, तेथेच उजेड पडू लागला. १९०७ मध्ये त्यांनी ह्या विषयावर ग्रंथ लिहिला.

त्यांच्या पद्धतीचा गाभा मात्र दिव्यापेक्षा विचारात होता. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून अडकली असेल, तर ती ओढणे म्हणजे नलिका फाडणे होय. म्हणून ती आतल्या आत मिटवायची, किंवा जठरात नेऊन उलटवायची आणि मग टोक मागे ठेवून बाहेर आणायची. नेमकी तशीच वस्तू मिळवून ते रबरी नळीत पुनःपुन्हा सराव करीत, प्रसंगी त्या एका वस्तूसाठी नवा चिमटा घडवीत. प्रत्यक्ष क्रियेला थोडाच वेळ लागे. तयारीला मात्र त्याच्या कितीतरी पट. सुतारकामाचा हात, चित्रकाराची नजर आणि विलक्षण सबुरी ह्यांचे ते फळ होते.

तथापि ज्या रोग्यांनी त्यांना सर्वाधिक अस्वस्थ केले, त्यांच्या घशात काढण्याजोगे काही नसेच. साबण तयार करण्यासाठी आणि मोऱ्या साफ करण्यासाठी अमेरिकेत घरोघरी कॉस्टिक सोडा वापरला जाई. वाण्याच्या दुकानात तो सहज मिळे आणि डब्यावर धोक्याची सूचना असेच असे नाही. साखरेसारखा दिसणारा तो पांढरा पदार्थ रांगते मूल तोंडात घाली. तीव्र अल्कली ऊतींतील स्निग्ध द्रव्ये व प्रथिने विरघळवत खोलवर शिरते. त्यातून मूल वाचले, तर काही आठवड्यांत व्रण आकसू लागतो आणि अन्ननलिका दोऱ्याएवढी अरुंद होते. समोर अन्न असून मूल उपाशी राहते. मग पोटाला छिद्र पाडून अन्न घालायचे आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या शलाकांनी तो मार्ग रुंदावत न्यायचा. अशाच एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत जॅक्सन ह्यांनी १९३८ च्या आत्मचरित्रात सांगितली आहे. पाण्याचा थेंबही तिच्या घशाखाली उतरत नव्हता. अडथळा दूर केल्यावर तिला पेलाभर पाणी देण्यात आले. ते पुन्हा उलटून येणार ह्या भीतीने तिने एक घोट घेतला. तो उतरला, दुसराही उतरला. तेव्हा तिने पेला बाजूला सारला आणि डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेतले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. सोड्याचा डबा स्वस्त होता, कारण त्याच्या खऱ्या खर्चाचा मोठा भाग किमतीत धरलेलाच नव्हता. तो भाग मुलाच्या घशातून, आईच्या रात्रींतून आणि धर्मादाय रुग्णालयांच्या तिजोरीतून वसूल होत होता. उत्पादकाला त्याची झळ नव्हती, म्हणून सूचना छापण्याचा किरकोळ खर्च करण्याचे प्रयोजनही नव्हते. ग्राहकाने आपले हित पाहावे, हे तत्त्व ग्राहकाला माहिती असेल तेथेच लागू पडते. येथे माहिती विकणाऱ्याकडे होती आणि इजा तिसऱ्यालाच होत होती. असा दोष बाजार आपणहून दुरुस्त करीत नाही.

जॅक्सन ह्यांनी हे अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून नव्हे, तर रोग्यांच्या घशांतून ओळखले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा पाठिंबा मिळवून, व्याख्याने देत, पत्रे लिहीत आणि कायदेमंडळाच्या समित्यांपुढे साक्ष देत त्यांनी ह्या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. ज्या रोगाने त्यांच्या दवाखान्यात गर्दी होत होती, त्या रोगाच्याच निर्मूलनासाठी ते झटत होते, हे विसरता कामा नये. अखेर ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज ह्यांची स्वाक्षरी होऊन फेडरल कॉस्टिक पॉयझन ॲक्ट अस्तित्वात आला. आंतरराज्य व्यापारात घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या दाहक पदार्थांच्या वेष्टनावर पदार्थाचे नाव, ‘विष’ हा शब्द आणि अपघात झाल्यास करावयाचे उपचार छापणे सक्तीचे झाले.

ह्या कायद्याने सर्व काही साधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. डब्यावरील अक्षरे दोन वर्षांच्या मुलाला वाचता येत नाहीत. ती आईला सावध करतात, एवढेच. माहिती देणे ही पहिली पायरी, वस्तूच निर्धोक करणे ही पुढची. ती ओलांडण्यास बराच काळ लागला. मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा झाकणांची सक्ती करता येईल, असा कायदा अमेरिकेत १९७० मध्ये झाला. परंतु घरातील विषाची जबाबदारी केवळ गृहिणीची नसून ते बनवणाऱ्याचीही आहे, हे तत्त्व १९२७ मध्ये मान्य झाले नसते, तर पुढची वाट अधिक बिकट झाली असती.

त्यांचे खाजगी जीवन कठोर शिस्तीचे होते. क्षयाने त्यांना १९११ पासून एकाहून अधिक वेळा अंथरुणाला खिळवले. त्या सक्तीच्या विश्रांतीतही त्यांचे लेखन चालू होते. १९१६ मध्ये ते फिलाडेल्फियास आले आणि तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. व्याख्यान देताना रंगीत खडूंनी ते फळ्यावर झरझर आकृत्या काढीत. स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचे ते पुरस्कर्ते होते आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. दाढांनी चावता येण्यापूर्वी मुलाला शेंगदाणे देऊ नयेत, हा त्यांचा इशारा शेंगदाण्याचा कूट नित्य वापरणाऱ्या आपल्या घरांतूनही ध्यानी ठेवण्याजोगा आहे. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर लवचिक दुर्बिणी आल्या, प्रतिजैविके आली, छातीची शस्त्रक्रियाही बरीच सुरक्षित झाली. पण प्रश्न मात्र नवे रूप घेऊन परतला आहे. रिमोट, खेळणी, वजनकाटे ह्यांत बसवलेली नाण्याएवढी चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर तिच्या विद्युत्प्रवाहामुळे तेथील ओलाव्यात अल्कली तयार होते. दोन तासांतच गंभीर दाह होऊ शकतो. जो कॉस्टिक सोडा पूर्वी डब्यातून येत असे, तो आता घशातच निर्माण होतो. अशा बॅटऱ्यांची झाकणे मुलांना उघडता येऊ नयेत, ह्यासाठी अमेरिकेत कायदा झाला तो २०२२ मध्ये. वस्तू आधी बाजारात येते, मुले नंतर रुग्णालयात येतात आणि कायदा सर्वांत शेवटी येतो, हा क्रम शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

कुशल शल्यविशारद समाजाला हवेतच. परंतु त्यांच्या कौशल्याची गरज कमीत कमी पडावी, अशी व्यवस्था उभारणे हे केवळ त्यांचे काम नव्हे. ते उत्पादकांचे, शासनाचे आणि जागरूक नागरिकांचे आहे. म्यूटर संग्रहालयातील कपाट पाहून जॅक्सन ह्यांच्या हाताला वंदन करणे सोपे आहे. ते कपाट वाढू नये म्हणून त्यांनी जी खटपट केली, ती पुढे चालवणे अधिक अवघड, पण तेच त्यांचे खरे स्मरण ठरेल.