कंपायलरवाल्या आजी : ग्रेस हॉपर

सी चा पहिला प्रोग्रॅम आणि त्यावर येणारे एरर यांच्याबद्दल आपल्या होस्टेलमध्ये भरपूर बोललं जातं. पण कंपायलर ही कल्पना मुळात कोणाच्या डोक्यातून आली याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एररला वैतागून जे पहिल्याच सेमिस्टरला प्रोग्रॅमिंगपासून लांब पळतात, त्यांनी तर ही गोष्ट वाचावीच. म्हणून हा लेख ग्रेस हॉपर यांच्यावर.

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. सात वर्षांची असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला छोट्या ग्रेसने एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती! आईने पूर्ण बंदी घातली नाही, एकाच घड्याळावर भागवायला सांगितलं. पुढे व्हॅसर कॉलेजात शिक्षण, १९३४ मध्ये येल विद्यापीठाची गणितातली पीएच.डी. आणि व्हॅसरमध्येच प्राध्यापकी.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना नौदलात जायचं होतं. पण वय जास्त आणि वजन नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी, म्हणून नकार मिळाला. त्यांनी हट्ट सोडला नाही. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव नौदलात दाखल झाल्याच. १९४४ मध्ये त्यांना हार्वर्डला हॉवर्ड एकन यांच्या मार्क वन या मशीनवर पाठवलं गेलं. हे मशीन ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच होतं. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. एक भोक चुकलं तरी मशीन कुरकुर न करता काम करत राहायचं आणि चूक कळायची ती उत्तर चुकल्यावर!

बगची प्रसिद्ध गोष्ट याच काळातली. १९४७ मध्ये मार्क टू मशीनच्या एका रिलेमध्ये एक पतंग, म्हणजे दिव्याभोवती फिरतो तो किडा, अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. बग हा शब्द हॉपर यांनीच शोधला असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते खरं नाही. इंजिनिअर लोक तो शब्द एडिसनच्या काळापासून वापरत होते. म्हणून तर खराखुरा किडा सापडल्यावर सगळ्यांना गंमत वाटली.

माझ्या मते त्यांचं मोठेपण वेगळंच आहे. १९४९ मध्ये त्या एकर्ट आणि मॉचली यांच्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. तेव्हाचे प्रोग्रॅमर काय करायचे? साइन काढायचा तुकडा एकाच्या वहीत असला की दुसरा तो उतरवून घ्यायचा आणि त्यातला प्रत्येक पत्ता हाताने बेरीज करून बदलायचा. उतरवताना बी चा १३ व्हायचा, बेरीज चुकायची. (आपली सबमिशनच्या आदल्या रात्रीची जर्नलं आठवली ना?) हॉपर यांनी ओळखलं की माणूस हुशार असला तरी नक्कल आणि बेरीज यांत चुकणारच. ही दोन्ही कामं मशीन चांगली करतं, मग ती त्यालाच का देऊ नयेत? १९५२ पर्यंत त्यांचा ए-झिरो तयार झाला. त्याला फक्त तुकड्यांचे नंबर द्यायचे. तो ते टेपवरून शोधायचा, पत्ते बदलायचा आणि जोडून द्यायचा.

आजच्या भाषेत हे काम लिंकरचं. मेन च्या स्पेलिंगमध्ये अक्षरं उलटसुलट झाली की अनडिफाइन्ड रेफरन्स असा एरर येतो, तो त्याचाच. म्हणजे ओळींचं भाषांतर झालंय, पण हवा असलेला तुकडा सापडत नाहीये.

गंमत म्हणजे कंपायलर चालत होता, तरी कोणी वापरायला तयार नव्हतं. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, अशी सगळ्यांची ठाम समजूत! हॉपर यांनी मग आणखी पुढची उडी मारली : इंग्लिश शब्दांत लिहिलेला प्रोग्रॅम. वरिष्ठांना दाखवताना तोच प्रोग्रॅम त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. वरिष्ठ घाबरलेच, अमेरिकन मशीनला परकी भाषा कशी येईल म्हणून! खरं तर मशीनला कुठलीच भाषा येत नव्हती. त्याच्यासाठी शब्द म्हणजे ठरलेल्या खुणा.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या काही मैत्रिणींना वाटतं की मला एरर इंग्लिशमुळे समजतात. अजिबात नाही! एरर वाचायला दहा-पंधरा ठरलेले शब्द पुरतात. बाकी सगळी पद्धत आहे. पहिला एरर आधी सोडवा आणि पुन्हा कंपाइल करा, कारण एक महिरपी कंस राहिला की खाली भलतेच एरर रांगेने येतात. सेमीकोलन राहिलाय हे कंपायलरला पुढचा शब्द आल्यावरच कळतं, म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघा. आणि इफ च्या कंसात दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह दिलं तर एरर येतच नाही, कारण ते सी मध्ये चालतं. ती चूक आपणच शोधायची.

पुढे १९५९ मध्ये कोबोल भाषा ठरवताना हॉपर यांच्या फ्लो-मॅटिकचा मोठा आधार घेतला गेला. १९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले! वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. भाषणांत त्या श्रोत्यांना जवळजवळ फूटभर लांबीची वायर वाटायच्या : एका नॅनोसेकंदात प्रकाश जातो तेवढं अंतर. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. २०१६ मध्ये अमेरिकेने त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

तर ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, मार्क वन चूक सांगत नव्हतं, आपला कंपायलर सांगतो. तेही प्रोग्रॅम चालायच्या आधी आणि फुकटात. सीनिअरच्या जर्नलमधून उतरवलेला प्रोग्रॅम सबमिशनला चालून जाईल, पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत समोर फक्त कंपायलर असतो. त्याच्याशी आत्ताच ओळख करून घ्या!