मौलवी जकाउल्लाह : मुलांना पूर्ण गणित देणारा उस्ताद

जून महिन्यात शाळा उघडली की आमच्याकडे पालक येतात. बहुतेकांची चिंता एकच असते. मुलगी हुशार आहे, वाचते छान, पण गणितात कच्ची आहे. मग हळूच विचारतात, यातून काही सोपी वाट आहे का?

काही वर्षांपूर्वीपर्यंत अशी वाट होती. दहावीला नेहमीच्या बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता यायचं. आपल्या समाजातल्या कित्येक मुलामुलींनी ते घेतलं, पासही झाले. पुढे अकरावीला गणित घ्यायची वेळ आली तेव्हा दरवाजा बंद दिसला. नंतर हा पर्यायच गेला, पण सोप्या वाटेचा शोध काही थांबलेला नाही. अशा वेळी आम्हाला दिल्लीच्या एका उस्तादांची आठवण येते. मुलांसाठी गणित कमी करायचं नाही, ते त्यांना समजेल अशा भाषेत पूर्ण द्यायचं, यासाठी त्यांनी अख्खी हयात घालवली. त्यांचं नाव मौलवी जकाउल्लाह देहलवी.

शहजाद्यांना शिकवणारं घराणं

जकाउल्लाह यांचा जन्म 1832 चा, दिल्लीचा. घराणं इल्मवालं. पिढ्यान्पिढ्या मोगल शहजाद्यांना शिकवण्याचं काम या घरात होतं. वडील सनाउल्लाह यांचाही लाल किल्ल्याशी असाच संबंध होता. तेव्हा किल्ल्यात बहादूरशाह जफर होते. बादशाही नावापुरती उरली होती, पण किल्ल्याच्या उस्तादांची इज्जत शहरात कायम होती.

अशा घरातल्या मुलाने मकतबमध्ये शिकावं, मग मदरशातून आलिम होऊन बाहेर पडावं, हा ठरलेला रस्ता. त्या रस्त्यावर गणित नव्हतं असं नाही. दर्स-ए-निजामीत बहाउद्दीन आमिली यांचं हिसाबाचं पुस्तक होतं, नसीरुद्दीन तूसी यांनी अरबीत मांडलेला उक्लीदसही होता. ज्या कौमने जगाला जब्र-ओ-मुकाबला दिला, तिच्या मदरशांत गणिताला जागा असणारच. मात्र ही पुस्तकं काही शतकांपूर्वीची होती. त्यानंतर युरोपात गणित फार पुढे गेलं होतं, आणि ते नवं गणित आपल्या मुलांपर्यंत पोहोचत नव्हतं.

ते पोहोचवणारी एक जागा दिल्लीतच होती. अजमेरी दरवाज्याजवळच्या गाजीउद्दीनच्या जुन्या मदरशात 1825 मध्ये दिल्ली कॉलेज सुरू झालं. तिथे अरबी-फारसीबरोबर गणित आणि विज्ञानही शिकवलं जायचं, आणि तेही उर्दूतून. 1840 च्या दशकात त्यासाठी भाषांतर करणारी एक सोसायटी निघाली. इंग्रजी पुस्तकं उर्दूत आणायची आणि तीच वर्गात वापरायची, हे तिचं काम. कॉलेजचे शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ही पुस्तकं तयार करत.

जकाउल्लाह लहान वयातच या कॉलेजात दाखल झाले. पुढे मिरात-उल-उरूस लिहिणारे नजीर अहमद आणि आब-ए-हयात लिहिणारे मुहम्मद हुसैन आजाद हे त्यांचे तिथले सोबती. तिघांचं नाव झालं, पण वाटा वेगळ्या होत्या. जकाउल्लाह यांचं मन गणितात रमलं.

मास्टर रामचंद्र यांचा शागिर्द

मन रमण्याचं कारण होते त्यांचे शिक्षक मास्टर रामचंद्र. जन्म 1821, घर पानिपतचं, परिस्थिती गरिबीची, आणि कानांनी फार कमी ऐकू येणारं. या माणसाने 1850 मध्ये कलकत्त्याला स्वतःच्या खर्चाने गणिताचं एक पुस्तक छापलं. एखादी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी कधी होते, हे काढायला युरोपात कलनशास्त्र वापरत. रामचंद्र यांनी ते नुसत्या बीजगणिताने करून दाखवलं. आपल्या देशातल्या विद्यार्थ्याला बीजगणिताची सवय आहे, तेव्हा त्याच्या ओळखीच्या वाटेने त्याला वर न्यावं, हा त्यामागचा विचार. हिंदुस्थानात त्या पुस्तकाची आधी फारशी कदर झाली नाही. लंडनचे गणिती डी मॉर्गन यांच्या हाती ते पडलं, त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि 1859 मध्ये ते तिकडे पुन्हा छापलं गेलं.

जकाउल्लाह यांनी या उस्तादांकडून गणित घेतलं आणि शिकवण्याची रीतही घेतली. 1852 मध्ये रामचंद्र ख्रिस्ती झाले तेव्हा दिल्लीत मोठा गहजब झाला. काही पालकांनी मुलं कॉलेजातून काढून घेतली. जकाउल्लाह अखेरपर्यंत पक्के मुसलमान राहिले, नमाज-रोजाचे पाबंद राहिले, पण उस्तादांचा आदर त्यांनी कधी सोडला नाही. ज्याने शिकवलं त्याचा हक्क मोठा, ही आपल्याकडची तालीम ते जगले.

1851 च्या सुमारास ते त्याच कॉलेजात गणित शिकवू लागले. मग आग्र्याला गेले, आणि पुढे बुलंदशहर-मुरादाबाद भागात शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर झाले.

1857 आणि त्यानंतर

1857 च्या उठावात दिल्ली कॉलेज उद्ध्वस्त झालं. प्रिन्सिपॉल टेलर मारले गेले, कुतुबखाना लुटला गेला. इंग्रजांनी शहर परत घेतलं तेव्हा फारसीचे उस्ताद इमाम बख्श सहबाई यांना मारलं. आजाद यांचे वडील मौलवी मुहम्मद बाकिर यांनाही मृत्युदंड मिळाला. मुसलमानांना शहराबाहेर काढलं गेलं आणि घरी परतायला कित्येकांना फार थांबावं लागलं. ज्या किल्ल्याने जकाउल्लाह यांच्या घराण्याला इज्जत दिली, तिथली बादशाही कायमची संपली.

अशा वेळी माणूस खचतो, नाहीतर रागाने सगळ्या नव्या गोष्टींकडे पाठ फिरवतो. जकाउल्लाह यांनी तिसरा मार्ग धरला. ते पुस्तकं लिहीत राहिले. अंकगणित, बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि त्यापुढचंही गणित त्यांनी उर्दूत आणलं. इतिहास, भूगोल, विज्ञान मिळून त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराच्या वर जाते. हे सगळं शाळा तपासण्याच्या, शिकवण्याच्या नोकऱ्या करून.

शिक्षक म्हणून आम्हाला या कामाची मेहनत कळते. गणिताचं पुस्तक दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे नुसते शब्द बदलणं नव्हे. प्रत्येक संज्ञेला एकच पक्का शब्द लागतो, आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तसाच राहावा लागतो. उर्दूला अरबीचा वारसा होता म्हणून त्रिकोणाला मुसल्लस, कोनाला जाविया असे शब्द तयार होते. नव्या कल्पनांसाठी मात्र शब्द ठरवावे लागत, आणि ते पोराला बोजड वाटू नयेत हेही बघावं लागे. त्याच काळात आपल्याकडे पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे मराठीतून अंकगणित लिहीत होते. भाषा दोन, पण धडपड एकच.

पुढे जकाउल्लाह दिल्लीच्या नॉर्मल स्कूलचे हेडमास्तर झाले, म्हणजे शिक्षक घडवू लागले. मग अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1880 च्या दशकात निवृत्त झाले. सरकारने त्यांना शम्सुल उलेमा हा किताब दिला. सरकारशी त्यांचं जमत असे. राणी व्हिक्टोरियाचं चरित्रही त्यांनी लिहिलं. आज ते वाचताना अवघडल्यासारखं होतं, हेही सांगायला हवं.

सर सय्यद यांच्याशी मतभेद

सर सय्यद अहमद खान त्यांचे जवळचे. 1864 मध्ये गाजीपूरला सायंटिफिक सोसायटी निघाली आणि पुढे अलीगढला आली. तिच्या गणित-भाषांतरांच्या कामात जकाउल्लाह होते. 1867 मध्ये सर सय्यद आणि त्यांच्या साथीदारांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला, की उच्च शिक्षण देशी भाषेतून देणारं विद्यापीठ हवं. हे काम सरकारी खात्याने सुचवलेलं नव्हतं. शहरातल्या चार जाणत्या माणसांनी एकत्र येऊन केलेली ती मागणी होती. ती मान्य झाली नाही.

पुढे सर सय्यद यांचं मत बदललं. उंच शिक्षण इंग्रजीतूनच व्हावं, नाहीतर आपली मुलं मागे पडतील, असं त्यांना वाटू लागलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. नोकऱ्या इंग्रजीत होत्या, कोर्ट-कचेऱ्या इंग्रजीत जात होत्या, नवं ज्ञान रोज इंग्रजीत छापलं जात होतं. भाषांतर करणारा किती धावणार? जकाउल्लाह यांना ते पटलं नाही. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत त्याला गणित मिळालं नाही, तर ते पाठ करील, समजून घेणार नाही, हे त्यांचं मत शेवटपर्यंत राहिलं. मैत्री तुटली नाही. अलीगढच्या कॉलेजसाठी ते झटत राहिले.

काळ मात्र सर सय्यद यांच्या बाजूने गेला. वरच्या वर्गांत इंग्रजी आली आणि जकाउल्लाह यांनी मेहनतीने रचलेली गणिताची पुस्तकं त्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडली. नोव्हेंबर 1910 मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांना जवळून ओळखणारे सी. एफ. अँड्र्यूज यांनी 1929 मध्ये इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं.

दिल्लीहून औरंगाबादपर्यंत

पण हे काम तिथे संपलं नाही. 1919 मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. गणित, विज्ञान, वैद्यक, सगळं उर्दूतून, आणि इंग्रजी हा विषय सगळ्यांना सक्तीचा. पुस्तकांसाठी दारुल तर्जुमा काढला गेला. त्याचे पहिले नाजिम मौलवी अब्दुल हक. पुढे त्याच जागेवर आले मौलवी इनायतुल्लाह, म्हणजे जकाउल्लाह यांचे चिरंजीव. बापाने एकट्याने उचललेलं काम मुलाच्या हाती एका विद्यापीठाचं काम म्हणून आलं.

आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. अब्दुल हक कित्येक वर्षं औरंगाबादला राहिले, तिथल्या इंटर कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम तिथूनच चालवत. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा उर्दूतून बीजगणित आणि त्रिकोणमिती शिकलेले आहेत. पुढे त्यांच्यातले कुणी इंजिनिअर झाले, कुणी शिक्षक. उर्दूतून शिकलं म्हणून त्यांचं गणित कच्चं राहिलं नाही.

आपण काय मागायचं?

आज बालभारती उर्दूतूनही गणिताची पुस्तकं काढते. जकाउल्लाह यांना ज्यासाठी रात्री जागाव्या लागल्या, ते पुस्तक आपल्या मुलाच्या दप्तरात असतं. तरी मूल अडतं. दोन नळांनी टाकी भरण्याचं उदाहरण घ्या. समीकरण मांडून दिलं तर आमची मुलं ते सोडवतात. उदाहरण वाचून समीकरण मांडायचं म्हटलं की थांबतात, कारण ते वाक्यच त्यांना उलगडत नाही. पालकांना वाटतं गणित कच्चं आहे. मग सातवीत माध्यम बदलतात, आणि जे वाक्य आधी अर्धं कळत होतं तेही कळेनासं होतं.

माध्यम कोणतं घ्यावं हा ज्या त्या घराचा निर्णय. सर सय्यद आणि जकाउल्लाह यांच्यातही त्यावर एकमत झालं नव्हतं. पण मुलांना गणित पूर्ण मिळावं यावर दोघांचं दुमत नव्हतं. ही मागणी शाळेकडे करणारे पालक आम्हाला फार कमी भेटतात. निकाल किती टक्के लागला हे सगळे विचारतात. गणिताची जागा भरलेली आहे का, शिकवणारा त्या विषयाचा आहे का, मुलं रोज स्वतः उदाहरणं मांडतात की फळ्यावरून उतरवतात, हे कुणी विचारत नाही.

पुढच्या पालकसभेत हे तीन प्रश्न विचारा. आम्हा शिक्षकांना ते थोडे टोचतील, तरी विचारा. आणि घरी मुलाला एखादं उदाहरण मोठ्याने वाचायला लावून, त्यात काय दिलंय आणि काय काढायचंय, एवढं त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. त्यासाठी तुम्हाला स्वतःला गणित येण्याची गरज नाही.

अल्लाह मरहूम मौलवी जकाउल्लाह यांच्या मेहनतीचा त्यांना अज्र देवो.